चुन्याचे चार दगड

आमच्या मामाजींच्या तळहातावर नारळ उभा राहतो. मामाजी म्हणजे माझे सासरे, नत्थुजी. आमच्याकडे सासऱ्याला मामाजीच म्हणतात. मी शकुन, त्यांची सून. भाजी लावते आणि मूर्तिजापूरच्या बाजारात नेऊन विकते. बारावीपर्यंत शिकलेली आहे, म्हणून लिहिताना जरा सरळ लिहीन, पण मधेच राग आला तर वऱ्हाडी निघेल. ते चालवून घ्या, कारण राग येणारच आहे.

तर नारळाचं सांगत होते. मामाजी पाणी दाखवतात. अनवाणी चालायचं, तळहातावर नारळ आडवा ठेवायचा, आणि जिथं जमिनीखाली पाणी वाहतं तिथं तो नारळ हळूच उभा होतो. शाळेत शिकलेलं डोकं म्हणतं हे थोतांड आहे. मीही लग्नानंतर दोन वर्षं तसंच म्हणत होते. मग माझ्या डोळ्यांसमोर त्यांनी सहा पॉइंट, म्हणजे बोअरच्या जागा, काढले आणि सहाही ठिकाणी पाणी लागलं. तेव्हापासून मी गप्प बसले.

नारळ उभा झाला की मामाजी तिथं एक दगड ठेवतात आणि त्याला चुना फासतात. झालं काम. पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत, तो नारळ आणि एक वेळचं जेवण, बस. पण तो दगड कोणी हलवायचा नाही, हा नेम. मालक घरी नसला तरी चालतं. बोअरची गाडी येते, ड्रायव्हर कुठला तरी तामिळनाडूकडचा असतो, त्याला मराठीचं एक अक्षर कळत नाही, पण शेतात पांढरा दगड दिसला की तो बरोबर त्याच्यावर मशीन लावतो. वरूडच्या संत्र्याच्या बागांपासून चांदूर रेल्वेपर्यंत सगळ्यांना हे ठाऊक आहे. धारणीकडूनसुद्धा मामाजींना जीपमध्ये बसवून घेऊन गेलेत लोक.

आमचं गाव मात्र खारपाणपट्ट्यातलं. पूर्णेच्या या अंगाला जमिनीत पाणी आहे, पण खारं. अंगाला लागलं तर चिकट, कपड्याला साबणाचा फेस येत नाही, आणि त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. तीन तास चुलीवर ठेवा, दाणा दाण्यासारखाच. म्हणून आमच्याकडे कोणत्या विहिरीचं पाणी कसं आहे हे जिभेपेक्षा डाळीवर पाहतात. गावात एकच विहीर अशी, नाल्याच्या काठची, जिच्या पाण्यात डाळ मऊ होते. तिला गोडी विहीर म्हणतात. साऱ्या गावाचं पिणं आणि शिजवणं तिच्यावर.

मामाजींनी मला एकदा समजावलं होतं. ‘दुधावर साय असते ना पोरी, तसं हे गोडं पानी. वरवरचं. पावसाचं, नाल्याचं मुरलेलं. त्याच्या खाली सारं खारं. साय बेतानं खाल्ली तं पुरते. खाली हात घातला की संपलं.’

माझा नवरा देवीदास. त्याच्या किडन्या अर्ध्या गेलेल्या आहेत. आमच्या पट्ट्यात हे दुखणं नवं नाही, दर चार घरांत एक माणूस अकोल्याच्या वाऱ्या करतो. लहानपणी देवीदास शेतातल्या विहिरीचं खारं पाणीच पीत होता, तहान लागली की कोण पळेल गोड्या विहिरीपर्यंत. अकोल्याच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘बाई, औषधं मी देतो, पण पाणी तुम्ही सांभाळा.’ तेव्हापासून ती विहीर माझ्यासाठी नुसती विहीर राहिली नाही. तिच्यात माझ्या कुंकवाचा जीव आहे, असं मी उघड सांगते. मला लाज नाही वाटत.

आठ वर्षांपूर्वी मामाजींनी पॉइंट काढणं सोडलं. वरूडकडचे भगवंतराव म्हणून एक बागाईतदार आहेत, त्यांनी बोलावलं होतं. मामाजी तरुण असताना त्याच बागेत त्यांनी पहिला दगड ठेवला होता आणि नव्वद फुटांवर भरपूर पाणी लागलं होतं. या वेळी गेले तर बागेत अकरा बोअर, अकराही कोरडे, शेवटचा नऊशे फुटांचा. संत्र्याची झाडं वाळून उभी होती. घरी आले आणि जेवले नाहीत. मला म्हणाले, ‘अकराच्या अकरा दगड माह्ये होते शकुन.’ मी म्हटलं, ‘तुमी नसते ठेवले तं दुसऱ्या कोनी ठेवले असते.’ ते म्हणाले, ‘ठेवले असते. पन ठेवले मीच.’

त्यानंतर त्यांना एकच ध्यास लागला. जो भेटेल त्याला विचारायचं, तुमच्याकडे किती फुटांवर गेलं. बाजारात बटाट्याचे ट्रक येतात, त्यांचे ड्रायव्हर कुठून कुठून फिरून आलेले. पंजाबातून आलेला एक जण म्हणाला, आमच्याकडेही तेच. दक्षिणेकडचे बोअरवाले म्हणाले, आमच्या गावात आता पाणी लागत नाही म्हणून तर इकडे येतो. मामाजी ऐकत बसायचे. ‘हे आपल्या गावाचं दुखनं नाई,’ ते म्हणायचे, ‘साऱ्या देशाचं हाय. मानसं देशाच्या खालचं पानी उपसून राहिले. मंग हे मोठेमोठे लोक याच्यावर काहून नाई बोलून राहिले?’

संध्याकाळी टीव्हीसमोर बसायचे. चार जण चौकटीत बसून एकमेकांवर ओरडत असायचे. कोण कोणाला सोडून गेला, कोणाचा झेंडा खरा, कोणाच्या आजोबांनी काय केलं होतं. मामाजी आपले शेवटपर्यंत वाट पाहायचे की आता कोणी तरी पाण्याचं काढेल. मी भांडी घासता घासता म्हणायची, ‘मामाजी, झोपा. आज बी नाई काढत.’

मागच्या विधानसभेच्या वेळी त्यांनी ठरवलं की आपणच जाऊन विचारायचं. म्हातारं माणूस एकदा हट्टाला पेटलं की कोणाचं ऐकतं.

पहिल्या पक्षाच्या कार्यालयात आम्ही अकोल्याला गेलो. देवीदासच्या तपासणीला गेलोच होतो. इस्त्रीच्या कपड्यातला एक पुढारी होता, बोलायला चांगला. म्हणाला, ‘आजोबा, जाहीरनाम्यात पाण्याचं आहे ना. प्रत्येक वस्तीला बोअर.’ मामाजी म्हणाले, ‘साहेब, बोअर नका देऊ हेच तं सांगाले आलो.’ तो माणूस हसला, आजूबाजूचेही हसले, आणि आम्हाला चहा आला. चहा चांगला होता.

दुसऱ्या पक्षाची सभा मूर्तिजापूरला बाजाराच्या दिवशीच होती. मी मेथीच्या जुड्या घेऊन बसले होते, तिथून भोंगा ऐकू येत होता. सव्वा तास नेता बोलला. मामाजी गर्दीत हात वर करून उभे. दोन पोरं धावत आली, मला वाटलं आता माईक देतील. त्यांनी मामाजींच्या गळ्यात पक्षाचा दुपट्टा घातला, फोटो काढला आणि खाली बसवलं. मामाजी दुपट्टा घालून माझ्या भाजीच्या पालाजवळ येऊन उभे राहिले. मला हसू आलं आणि लगेच इतका राग आला की गिऱ्हाइकाला मी दोन जुड्या जास्त देऊन बसले.

तिसऱ्या पक्षाचा उमेदवार आमच्या गावातच आला, पारावर. त्यानं मामाजींचं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली. मग जवळ येऊन हळू म्हणाला, ‘काकाजी, तुमचं शंभर टक्के खरं आहे. पण आत्ता मी बोअर कमी करा म्हटलं तर बागवाले मला दारात उभं करतील का? निवडून येऊ द्या, मग बघू.’ हा तरी खरं बोलला, असं मामाजी पुढे कितीतरी दिवस म्हणत होते. मला तर त्याचाच जास्त संताप आला. ज्याला कळत नाही त्याला काय बोलणार, याला तर कळत होतं.

त्या सभेला त्याच्याबरोबर गजेंद्र होता. गजेंद्र आमच्या गल्लीतला, देवीदासचा वर्गमित्र, पुढारी लोकांच्या मागे फिरणारा. तीन पक्ष फिरून आलेला आहे आणि तिन्हीकडे त्याची अजून ओळख आहे. मनानं वाईट नाही. देवीदासला रक्त लागलं होतं तेव्हा त्यानंच गाडी केली होती.

आता माझी चूक सांगते. मी मामाजींना म्हटलं, ‘त्याहिच्या मागं काहून फिरता? देश राहू द्या. आपली गोडी विहीर तं वाचवा. जिथून जिथून तिले पानी येते तिथं खुना करून ठेवा, म्हनजे तिथं कोनी बोअर घेनार नाई.’ मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले त्यांचे. सात वर्षांनी पहिल्यांदा देवघरातला नारळ घेतला आणि सकाळी सकाळी अनवाणी विहिरीभोवती फिरले. चार ठिकाणी नारळ उभा झाला. चार झरे. मामाजींनी नाल्यातून चार दगड आणले. चुना मी कालवला, घरच्याच डब्यातला, आणि माझ्या हातानं फासला.

विहिरीवर पाणी भरायला आलेल्या बायांना मामाजींनी सांगितलं की अथी कोनी बोअर घ्यायचा नाई, हे विहिरीचे झरे हायेत. बाया हो म्हणाल्या. पण घरोघरी गेली ती बातमी एवढीच की सात वर्षांनी नत्थुजीनं नारळ काढला.

पाटी लावायला पाहिजे होती. बारावी शिकलेली मी, एका पत्र्यावर चार शब्द लिहिले नाहीत. आम्हा दोघांच्याही मनात आलं नाही. दगड ठेवला, चुना लावला, आता कोणाची हिंमत होईल, असंच वाटलं. ज्या दगडावर साऱ्या मुलखानं चाळीस वर्षं मशीन लावलं, तोच दगड मशीन अडवेल असं आम्ही धरून चाललो.

त्याच दिवशी गजेंद्र दारात आला. ‘वयनी, विहिरीपाशी दगड काकाजीनंच ठेवले काय?’ मी तोऱ्यात म्हटलं, ‘मंग, दुसरं कोन ठेवन?’ तो खूश होऊन गेला. मला वाटलं, मान ठेवला म्हाताऱ्याचा.

दुसऱ्या दिवशी देवीदासचं अंग सुजलं आणि आम्ही तिघंही अकोल्याला गेलो. चार दिवस दवाखान्यात होतो. पाचव्या दिवशी मूर्तिजापूरला उतरून ऑटोनं गावाकडे आलो तर नाल्याच्या बाजूला पांढरी धूळ उडत होती. तीन गाड्या लागल्या होत्या. पहिल्या पक्षानं पहिल्या दगडावर घेतला म्हणून दुसऱ्यानं दुसऱ्यावर, आणि ते दोघं पुढे जातात म्हणून तिसऱ्यानं तिसऱ्यावर. सगळं ‘स्वखर्चातून’. लोक जमले होते, पाण्याचा फवारा वर उडत होता, आणि मामाजी ऑटोतून उतरले तसे त्यांच्या गळ्यात हार पडले. एक नाही, तीन.

मामाजी हारांसकट तिसऱ्या बोअरजवळ गेले, चिखलात त्यांचा दगड पडला होता, चुना धुऊन गेलेला. गजेंद्र हसत म्हणाला, ‘काकाजी, तुमचा नारळ म्हनजे नारळ. तिन्ही पॉइंटाले पानी.’ मामाजी त्याला एवढंच म्हणाले, ‘अरे, ते पानी विहिरीचं हाय.’ गजेंद्रला वाटलं म्हातारा थकला आहे, त्यानं बसायला खुर्ची आणली.

नोव्हेंबरचे दिवस, जमिनीत ओल होती. तिन्ही बोअरवर मोटारी बसल्या, तीन टाक्या, तीन पाट्या, तीन फोटो. माणसं खूश झाली. कोण नाही होणार, दारापर्यंत नळी आली. पिण्याला म्हणून घेतलेलं पाणी हळूहळू वांग्याला गेलं, गोबीला गेलं. खोटं कशाला बोलू, आमच्याही मेथीला त्या नळीचं पाणी दोनदा गेलं आहे. मेथी चांगली आली होती.

मामाजी मात्र रोज विहिरीत डोकावायचे. संक्रांतीला दोन पायऱ्या उघड्या पडल्या होत्या, शिवरात्रीला सात. मग ते परत निघाले. निवडून आलेल्या पक्षाच्या माणसाकडे गेले. तो म्हणाला, ‘बोअर बंद करा म्हणणारा माणूस मी आज पहिल्यांदा पाहिला. आधी त्या दोघांची बंद करायला सांगा, मग आमची.’ हरलेल्याकडे गेले. ‘आम्ही हरलो तरी गावाला पाणी पाजून राहिलो, आमचीच काहून बंद करायची? आधी त्याहिची करा.’ तिसरा, तो पारावरचा, शंभर टक्के खरं आहेवाला, त्यानं फोनच उचलला नाही. सार्वजनिक विहिरीच्या इतक्या जवळ बोअर घेता येत नाही असा कायदा आहे म्हणतात. तहसीलला तसा अर्जही करून पाहिला. अर्ज घेतला त्यांनी, पोच दिली.

मी मामाजींना म्हटलं, ‘झालं समाधान? दिल्लीपासून हेच चाललं असन. आधी त्याहिची बंद करा.’ बोलले आणि मलाच वाईट वाटलं. ते काठी टेकत खाटेवर बसले.

चैत्रात एका दुपारी मी कुकर लावला. पाच शिट्ट्या झाल्या. उघडून पाहिलं, पाणी वर, डाळ खाली, वेगवेगळं. मला वाटलं, डाळ जुनी असेल. पुन्हा लावला. पुन्हा पाच. बोटानं दाबला तर दाणा बोटाखालून सटकला. मी गॅस बंद केला आणि ओट्याला धरून उभी राहिले. शेजारची आरती भिंतीपलीकडून विचारत होती, ‘शकुनबाई, तुमची डाळ शिजली काय ओ? माही नाई शिजून राहिली.’ मग तिच्या पलीकडच्या घरातूनही कोणी तरी तेच विचारलं.

आता देवीदाससाठी पाण्याचे कॅन येतात. मूर्तिजापूरहून गाडी येते. एक कॅन दोन दिवस पुरवायचा. देवीदास पिताना ग्लास अर्धाच भरतो, मी पाहते आहे हे त्याला माहीत असतं. गावात ज्यांना जमतं त्यांनी कॅन लावले, बाकीचे विहिरीचंच पितात. बोअरही आता खारेच आहेत. मोटारी चालूच आहेत.

परवा गजेंद्र आला. झेडपीची हवा सुरू झाली आहे. मामाजी जेवायला बसले होते. तो ओसरीत टेकला, इकडचं तिकडचं बोलला, देवीदासची तब्येत विचारली, आणि मग म्हणाला, ‘काकाजी, चौथा दगड तसाच हाय ना? तो पॉइंट कोनाले देऊ नका. आमच्यासाठी ठेवा.’

मामाजींनी घास थांबवला. मला म्हणाले, ‘शकुन, याले वाढ.’

मी ताट वाढलं. भात, त्यावर डाळ, आणि विहिरीच्या पाण्याचा ग्लास. गजेंद्रनं दोन घास खाल्ले. दाताखाली दाणे कचकच वाजत होते, मला ऐकू येत होतं. ‘वयनी, डाळ कच्ची राह्यली.’ मी म्हटलं, ‘पंधरा शिट्ट्या देल्ल्या, भाऊ.’ त्यानं ग्लास तोंडाला लावला, एक घोट घेतला आणि खाली ठेवला. त्याच्या घरी पहिल्यापासून कॅन आहे, त्याला माहीतच नव्हतं. थोडा वेळ तो खरंच ओशाळला. ‘गोडी विहीर खारी झाली काय?’ असं हळूच विचारलं. मग त्याचा फोन वाजला, तो बाहेर जाऊन बोलून आला आणि चपला घालता घालता म्हणाला, ‘मंग पॉइंटाचं पक्कं समजू ना, काकाजी?’

मामाजींनी खाली पाहून पुढचा घास घेतला. तो हो समजून गेला असेल.

तो गेल्यावर मी दार लावलं आणि मामाजींच्या पुढ्यातला विहिरीच्या पाण्याचा ग्लास उचलला. ‘कितीक दिवस सांगून राहिली तुमाले. तुमीबी कॅनचंच प्या. तुमचं वय काय, तुमच्या अंगात हाय काय.’

‘देवीदासले दे ते,’ ते म्हणाले. ‘मले हेच पाहिजे.’

‘काहून पन?’

‘दगड मीच ठेवले बाई.’

ते हात पुढे करून बसले होते. मी ग्लास परत त्यांच्यासमोर ठेवला. आमच्या घरात आतापर्यंत कॅनचं पाणी देवीदास पीत होता आणि थोडंसं मी. चुना माझ्या हातचा होता. मी माझा ग्लास घेतला, कॅनचं उरलेलं पाणी परत कॅनमध्ये ओतलं, विहिरीचं भरून घेतलं आणि मामाजींच्या शेजारी जेवायला बसले.